मॅन्युअल लॉकिंग हब बसवण्यापूर्वी

आपली जीप नाशिक-मुंबई महामार्गावरच अधिक धावत असेल आणि पावसाळ्यात हरसूल किंवा पेठकडच्या चिखलापुरतीच चारही चाकांची ओढ लागत असेल, तर मॅन्युअल हब, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा आणि हाताने फिरवून चाक अॅक्सलला जोडणारा (लॉक) किंवा सोडवणारा (मोकळा) भाग, बसवण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो. हब मोकळे ठेवले की पुढची चाके अॅक्सल शाफ्टपासून (चाकाला फिरवणाऱ्या दांड्यापासून) सुटतात, त्यामुळे पुढचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी) आणि त्याला जोर पोहोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट विनाकारण फिरत नाहीत.

मात्र खरेदीआधी अॅक्सल शाफ्टच्या टोकावरील स्प्लाइन (हबमध्ये अडकणारे उभे दाते) स्वतः मोजाव्यात. दुकानदाराने केवळ गाडीचे नाव ऐकून दिलेल्या हबवर विसंबू नये, कारण एकाच नावाच्या गाड्यांतही अॅक्सल वेगळे असू शकतात.

हबच्या जागचा जुना भाग काढताना चाकाच्या बेअरिंगचे नट ढिले झाल्यास त्यांचा ताण पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवावा. माझा सर्वांत कळकळीचा आग्रह ग्रीसबद्दल आहे: हबच्या आतील, सरकून चाक आणि शाफ्ट जोडणाऱ्या कड्यावर ते पातळच लावावे, कारण ठासून भरल्यास डिसेंबरच्या थंडीत ते घट्ट होते आणि कडे पूर्ण सरकत नाही. गास्केट नवे घ्यावे, बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळावेत.

नंतर पुढची बाजू भक्कम स्टँडवर उचलून चाक हाताने फिरवावे. मोकळ्या स्थितीत शाफ्ट स्थिर राहिला पाहिजे आणि लॉक केल्यावर चाकाबरोबर फिरला पाहिजे. दोन्ही हब नेहमी एकाच स्थितीत ठेवावेत. हब मोकळे असताना लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) वापरू नये, कारण सगळा जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर येतो.