व्हायरसचं प्रोटीन पेशीच्या प्रोटीनला धरून डीएनएची नक्कल कशी सुरू करतं?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'म्हणजे रिसेप्टर जुळला की व्हायरसचं काम झालं, बरोबर ना?' बरोबर नाही; रिसेप्टर हे पेशीच्या आवरणावरचं नुसतं दार, ज्याला धरून व्हायरस आत शिरतो. 'रिसेप्टर जुळला की झालं' याच वाक्यापायी मला एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत नापास केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मे महिना होता, कॉलेज मराठवाड्यातलंच, भर दुपारी लाईट गेलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एसव्ही-40 माकडाच्या पेशीत वाढतो, उंदराच्या पेशीत का वाढत नाही?" एसव्ही-40 हा माकडांतला एक छोटा डीएनए व्हायरस; हा भाग मी मन लावून वाचला होता. म्हणालो, सर, तो उंदराच्या पेशीत शिरतो, त्याचं टी-अँटिजन (व्हायरसच्या जीनवरून पेशीच्या आतच बनणारं प्रोटीन) तिथं तयार होतं, कधीकधी ती पेशी कॅन्सरच्या वाटेलाही लागते. फक्त डीएनएची नक्कल सुरू होत नाही, कारण उंदराच्या पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजशी, म्हणजे नक्कल सुरू करून देणाऱ्या पेशीच्या एन्झाइमशी, ते टी-अँटिजन जुळत नाही. सर म्हणाले, "रिसेप्टर जुळत नाही, एवढंच उत्तर आहे." मी म्हणालो, टी-अँटिजन आत सापडतं म्हणजे व्हायरस आत गेलेलाच आहे. त्यांनी विचारलं, "हे कुठल्या नोट्समध्ये आहे?" 50 पैकी 19 मार्क दिले. पासिंग 20 ला होतं.

1986 साली जेरार्ड हर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनं नेमकं हेच दाखवलं होतं. उंदराच्या पेशींच्या अर्कात एसव्ही-40 चा डीएनए आणि टी-अँटिजन घातलं तर काही होत नाही. त्यातच माणसाच्या पेशींतलं शुद्ध पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज टाकलं की नक्कल सुरू होते. तिथं ना पेशीचं आवरण, ना रिसेप्टर, नुसता अर्क. या पेपरची झेरॉक्स त्या दिवशी माझ्या पिशवीत होती. काढायची हिंमत झाली नाही.

घरी गेलो तर बाबा लिंबाखाली अंबाडीचं चऱ्हाट वळत बसले होते. काय विचारलं होतं म्हणाले. मी त्यांच्याच हातातल्या दोरावर सांगायला लागलो. एसव्ही-40 चा डीएनए म्हणजे 5243 बेस-जोड्यांचं कडं. टी-अँटिजनचे सहा-सहा रेणू मिळून दोन कडी त्याच्या ओरिजिनवर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते त्या जागेवर, बसतात आणि दोन पदर उकलायला लागतात. उकललेले पदर परत चिकटू नयेत म्हणून पेशीचं आरपीए नावाचं प्रोटीन त्यांवर बसतं. बाबांनी दोराचे पदर मधूनच फाकवून दाखवले. पुढं पीळ साचून दोराला आटी पडली. म्हणाले, "पीळ कुठं जाणार? दुसरं टोक मोकळं सोडावं लागतंय." पण कड्याला टोकच नसतं. म्हणून पेशीचं टोपोआयसोमरेज हे एन्झाइम एक पदर कापतं, पीळ जाऊ देतं आणि पुन्हा जोडतं. मग टी-अँटिजन पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला हाताला धरून आणतं, ते आरएनएचा छोटा तुकडा घालून डीएनएची सुरुवात करून देतं, आणि पुढची लांब ओढ पेशीचंच दुसरं एन्झाइम, पॉलिमरेज डेल्टा, घेतं. या सगळ्यात व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन एकच, टी-अँटिजन. तेही त्याच्या साखळीतल्या 124 व्या अमिनो आम्लावर (थ्रिओनिन) पेशीच्या कायनेजनं, म्हणजे फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमनं, फॉस्फेट लावल्याशिवाय ओरिजिन उकलत नाही.

बाबा सातवी शिकलेले. सगळं ऐकून म्हणाले, "आत गेलंय म्हणून तर ते टी सापडलं ना? मग दाराचं काय सांगायलाय तो मानूस?"

पेशीच्या प्रोटीनला नुसतं धरून भागत नाही, हेही लक्षात ठेवा. पेशी आराम करत असेल तर तिच्याकडं डीएनए बनवायचा सरंजामच पुरेसा नसतो. म्हणून टी-अँटिजन पेशीच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या आरबी प्रोटीनला अडकवून ठेवतं, आरबीनं धरलेलं ई2एफ हे प्रोटीन सुटतं आणि पेशी एस-फेजमध्ये, म्हणजे डीएनए बनवायच्या टप्प्यात, ढकलली जाते. पॅपिलोमा या दुसऱ्या डीएनए व्हायरसात तेच काम त्याचं ई7 प्रोटीन करतं. तिथं ओरिजिन उकलणारं त्याचं ई1 प्रोटीन आहे, पण त्याला जागेवर नेऊन बसवायला ई2 हे तिसरं प्रोटीन लागतं. आरपीए, टोपोआयसोमरेज आणि पॉलिमरेज अल्फा तिथंही पेशीचेच.

हे सगळ्या डीएनए व्हायरसना लागू करू नका. हर्पिस आणि अ‍ॅडिनो हे व्हायरस स्वतःचं पॉलिमरेज बनवतात. 2022 मध्ये आमच्याकडं गोठेच्या गोठे आजारी पाडणारा लम्पी हा पॉक्स घराण्यातला, तो पेशीच्या केंद्रकात (न्यूक्लियस) जातही नाही, त्याबाहेरच्या सायटोप्लाझममध्येच नक्कल करतो. आणि रिसेप्टरला काहीच किंमत नाही असंही मी म्हणत नाही. दारच उघडलं नाही तर पुढचं सगळं राहिलं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर उत्तर दोन पायऱ्यांत लिहा: आधी शिरकाव, मग नक्कल. परीक्षकानं 'रिसेप्टर' म्हणून थांबवलं तर शांतपणे विचारा, मग टी-अँटिजन आत कसं सापडतं? आणि पेपरची झेरॉक्स पिशवीत असेल तर बाहेर काढा. मी हिवाळ्यात फेरपरीक्षेला गेलो तेव्हा ती आधीच टेबलावर ठेवली. परीक्षक दुसरे होते. त्यांनी ती उचलून पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "बसा."