वार्षिकांक काढताय? मग आधी हे वाचा

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या काही महाविद्यालयांनी यंदाच्या वार्षिकांकांसाठी ‘माध्यमे आणि कायदा’ हा एकच विषय घेतला आहे. विषय उत्तम. पण संपादक मंडळांकडून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच, आणि निम्मे ‘कुणीतरी सांगितलं’ या आधारावर. म्हणून उत्तरे एकत्र देते.

मॅडम, विषय एकच असल्याने सगळ्यांनी टिळकांवरच लेख पाठवलेत. वाटणी कशी करू? (समन्वयक, चिपळूण)

जे ज्याच्या दारात घडले, ते त्याने लिहावे. टिळक रत्नागिरीकरांकडे राहू देत. १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले त्यांना पुरून उरतील. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांचा ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाला, आणि तेव्हाचा हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफने छापखान्यांवरची परवान्याची बंधने उठवली ती १८३५ मध्ये. मग ‘दर्पण’ कोणत्या नियमांखाली छापला जात होता, हे सिंधुदुर्गातल्या मुलांनी शोधावे. पालघरवाल्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घ्यावे. २०१२ मध्ये तिथल्याच दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तुमच्या कच्च्या यादीत ते ‘सध्या लागू’ म्हणून आहे, ते खोडा. १८६७ चा छापखान्याचा कायदाही गेला. १ मार्च २०२४ पासून नवा आहे. जुन्या गाईडवरून लेख उतरवू नका.

एका पोर्टलवाले दोन हजारांत प्रेस कार्ड देतात. मुलाखतींसाठी घ्यावे का? (महाड)

नाही. पत्रकारांचे अधिकृत ओळखपत्र, म्हणजे अधिस्वीकृती पत्रिका, शासन देते, ती विकत मिळत नाही. मुलाखतीला प्राचार्यांचे पत्र न्या.

ग्रुपवर कुणी भलतेच टाकले तर अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होतो म्हणे! (गुहागर)

केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तुम्ही स्वतः ते पुढे ढकललेत, तर गोष्ट वेगळी.

एका लेखात ‘आमच्या गावच्या ग्रामसेवकाने नळपाणी योजनेचे पैसे खाल्ले’ असे आहे. नाव दिलेले नाही. ‘लेखकाच्या मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ आहेच. हाच लेख सगळ्या अंकांत घ्यायचा आहे. चालेल ना? (दापोली)

नाही चालणार. गावाला ग्रामसेवक एकच असतो, मग नाव कशाला लागते? ती ओळ पिढ्यान् पिढ्या छापली जाते आणि तिने कुणाचीही सुटका होत नाही. छापणारा जबाबदार असतोच. शिवाय प्रत्येक अंक म्हणजे वेगळे प्रकाशन. एका लेखापायी सगळी महाविद्यालये गोत्यात येतील.

‘आम्हाला सांगितले तसे आम्ही छापले’ हा बचाव किती टिकतो, ते टिळक-आगरकरांना विचारा. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांची म्हणून आलेली पत्रे त्यांनी छापली. पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. तुमच्याकडे तर पत्रही नाही, चहाच्या टपरीवरची चर्चा आहे.

बदनामी आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. फौजदारीत नुसते ‘खरे आहे’ म्हणून भागत नाही, ते छापणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. सरकारी नोकराच्या कामावर सद्भावनेने मत मांडायला कायदा जागा देतो, पण ‘पैसे खाल्ले’ हे मत नव्हे, आरोप आहे.

म्हणून लेख पाडू नका, वाक्य बदला: ‘ग्रामसभेच्या इतिवृत्तात टाकी पूर्ण झाल्याची नोंद आहे. आम्ही गेलो तेव्हा टाकीला नळ जोडलेला नव्हता. ग्रामसेवकांना लेखी विचारले. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आले नाही.’ अर्थात इतिवृत्ताची प्रत हातात असेल आणि खरेच लेखी विचारले असेल, तरच. प्रत माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. म्हणजे अर्ज आजच करा, अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी नव्हे. सुधारलेला लेख वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही पाठवू नका.

फिशपॉन्डचे पान ठेवावे का? (कणकवली)

शिमग्यातली बोंब शिमग्यात विरते, छापलेली कपाटात राहते. मुलींच्या दिसण्यावरचे आणि जातीवरचे सगळे काढा. उरले तर छापा.

अत्याचार झालेल्या शाळकरी मुलीचे नाव बदलून, फक्त वाडी आणि शाळा दिली तर? (अलिबाग)

अजिबात नाही. पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नुसार नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असे काहीही देता येत नाही. दहा-वीस घरांच्या वाडीत नाव बदलून काय उपयोग?

गेल्या वर्षीच्या लेखावरून वकिलाची नोटीस आली, त्याला पंधरा दिवस झाले. सर म्हणतात, परीक्षा झाल्यावर बघू. (रत्नागिरी)

परीक्षा तुमची आहे, नोटिशीची नव्हे! उत्तराची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती आज वाचा. वकिलाकडे उद्याच जा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. तोवर फोनवर माफी मागू नका, ग्रुपवर खुलासा टाकू नका, लेखाची टिपणे फाडू नका. नोटिशीचा लिफाफाही ठेवा. ती कधी मिळाली, हा वाद निघाला तर वकील तो मागतील.