फायबरच्या चिकटजोडाला हात घालण्याआधी

बाळा, उद्यमबागेतल्या शेडमध्ये बोटीचे फायबर पॅनेल चिकटवायला घेतोयस, तर महागडा ॲडेसिव्ह शोधण्याआधी पृष्ठभागाकडे बघ. पीलप्लाय (पॅनेलवर बसवलेलं, चिकटवण्याआधी सोलून काढायचं कापड) काढल्यावरही हलकं घासून घे, धूळ काढ, सॉल्व्हंटने पूस आणि मग तिथे हाताचं बोटही लावू नकोस. आपल्याकडे खानापूरच्या बाजूने पाऊस उतरला की हवा ओली होते आणि इपॉक्सीवर (फायबर पॅनेलच्या रेझिनवर) तेलकट थर धरतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मगच घासायचा. उलट केलंस तर पॉलिश पेपरने तो थर नुसता पसरतो.

ओव्हरलॅप, म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात ती लांबी, दुप्पट केला की ताकद दुप्पट होते, हा समज सोडून दे. एकेरी लॅप जोडात, म्हणजे एका पट्टीवर दुसरी ठेवून चिकटवलेल्या जोडात, ताण दोन्ही टोकांना साठतो, मधला भाग फारसं ओझं घेतच नाही. शिवाय दोन पट्ट्या एका रेषेत नसल्याने जोड वाकतो आणि टोकं सोलायला लागतात. सोलणं ॲडेसिव्हला अजिबात सोसत नाही. म्हणून पट्टीची टोकं तिरकी घास, बाहेर आलेला ॲडेसिव्ह पुसून न टाकता त्याला उतार दे. जाड पॅनेलला वेळ लागला तरी स्कार्फ जोडच कर, म्हणजे दोन्ही कडा लांब तिरक्या घासून एकमेकींवर बसव.

जोडाचे नमुने करून ओढून तोडून बघ. २५ बाय २५ मिलिमीटरचा जोड ५००० न्यूटनला तुटला, तर सरासरी कातरताण (जोडाच्या क्षेत्रफळावर पडणारा सरकवणारा ताण) ८ मेगापास्कल. मी मात्र आधी तुटलेली बाजू बघतो. ॲडेसिव्ह एका पट्टीवरून स्वच्छ सुटला असेल, तर तयारी कच्ची, आकडा कितीही चांगला येवो. लॅमिनेटचे, म्हणजे फायबर पट्टीचे, तंतू उपटून आले तर जोड पक्का होता. काही नमुने खाऱ्या पाण्यात मुरवून मगच तोड; कोरड्या नमुन्याच्या आकड्यावर बोट पाण्यात सोडायची नाही.