पूल संगणकावर उभा राहत नाही

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरले, तेव्हापासून आमच्या मुलीला पूल आणि बंधारे बांधण्याचे वेड लागले आहे. भरतीच्या वेळा आणि नदीची पातळी ती वहीत टिपत बसते. ती आता बारावी विज्ञान शाखेत आहे. तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचे, असे आम्ही ठरवले आहे. हल्ली पूलही कॉम्प्युटरवरच तयार होतात. कृपया तिची समजूत घालावी.
— एक पालक

उत्तर : आपल्या पत्रात मुलीचे स्वतःचे एकही वाक्य नाही, याची मला सर्वाधिक काळजी वाटली. निर्णय आधीच झाला असेल तर सल्ल्याला जागा उरत नाही. उरते ते मुलीचे मन वळवण्याचे काम, आणि ते मी करणार नाही. घरात पाणी का शिरले, असे एखादे मूल विचारू लागले तर त्याला वेड म्हणणे अन्यायाचे आहे. तिने वहीत शेजारी शेजारी मांडलेल्या दोन नोंदींतच कोकणातील पुराचे मोठे कारण दडलेले आहे. सह्याद्रीवरून धावत येणारे पावसाचे पाणी आणि दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती यांची गाठ पडली की वाशिष्ठी नदीला उतरायला वाट राहत नाही. हे तिने आपणहून हेरले असेल, तर ती नजर दुर्मीळ आहे.

पूल कॉम्प्युटरवर तयार होतात, हा मात्र गैरसमज आहे. सॉफ्टवेअर आकडेमोड करते. परंतु नदी किती पाणी आणील आणि तळाशी वाळू आहे की खडक, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. पूल पडला की आपण सिमेंटला दोष देतो, पण पुरात खांबांभोवती भोवरे उठून पायाखालची वाळूही खरवडली जाते आणि पाणी ओसरताना तो खड्डा गाळाने पुन्हा भरत असल्याने नंतर पाहणाऱ्याला काही दिसतही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. खाडीकाठची शेती खाऱ्या पाण्यापासून राखणाऱ्या खारभूमीच्या बांधांतील उघाडीची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या दाराची, रचना तर वरकरणी अगदी साधी असते : भरतीच्या दाबाने झडप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. तरीही ती अपुरी पडली तर पावसाचे पाणी शेतात तुंबते, आणि गाळात अडकून उघडी राहिली तर खारे पाणी आत येऊन जमीन नापीक होते. तिचे माप खाडीकाठी उभे राहून केलेल्या मोजणीतूनच ठरते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आजही नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती उभारून, त्यांत पाणी खेळवून अभ्यास केला जातो.

मार्ग परिचित आहे : सीईटी किंवा जेईई, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन जलअभियांत्रिकी किंवा किनारी अभियांत्रिकी, अथवा एमपीएससी. संगणकाची पदवी घेतल्यास जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतील स्थापत्य अभियंत्याची पदे तिला बंद होतील, हे ध्यानात घ्यावे.

सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रापेक्षा बहुधा कमी असतो, आणि साइटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहासारखी साधी सोयही अनेकदा नसते. हे तिला आजच सांगा, मात्र घाबरवण्यासाठी सांगू नका.

प्रवेशाचा पसंतीक्रम तिला भरू द्या आणि पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. गणित आणि भौतिकशास्त्र तिला मनापासून आवडते का, आणि भर पावसात चिखलात दिवसभर उभे राहण्याची तिची तयारी आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. तिचे उत्तर नकारार्थी असेल, तर स्थापत्य शाखा घेऊ नकोस असे मीच तिला सांगेन.