वाळवंटातला वायरमन: सी-१० परवाना, खर्च आणि धंदा

प्रश्न: ताई, मी मूळचा सांगलीचा. तिथे मामांच्या हाताखाली पाच वर्षं वायरिंग केलं, महाराष्ट्राचं सुपरवायझरचं प्रमाणपत्रही आहे. आठ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात आलो आणि इंडिओत एका कंत्राटदाराकडे लागलो. तीन वर्षांपूर्वी राज्याची जनरल इलेक्ट्रिशियनची परीक्षा पास झालो. आता स्वतःचं सुरू करायचं मनात आहे. सांगलीचं प्रमाणपत्र चालेल का? खर्च किती येईल? इथल्या वाळवंटी कोचेला खोऱ्यात एकट्याला पुरेल इतकं काम आहे का? एक मित्र म्हणतो, लायसनच्या भानगडीत न पडता छोटी कामं घेत राहा.
(एक वाचक, इंडिओ)

उत्तर: मित्राचं आधी निकालात काढते. २०२५ पासून विनापरवाना कामाची मर्यादा ५०० वरून १,००० डॉलरवर गेली, हे खरं. पण ती मजुरी आणि सामान मिळून. शिवाय कामाला परमिट, म्हणजे त्या-त्या कामाची सरकारी परवानगी, लागता कामा नये आणि हाताखाली माणूस ठेवता येत नाही. पंखा टांगणं, स्विच बदलणं, संपलं. पॅनल, म्हणजे ब्रेकरची पेटी, बदलायचं म्हटलं की परमिट आलंच. त्याहून वाईट म्हणजे, विनापरवाना केलेल्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाने बुडवले तर तुला कोर्टात मागता येत नाहीत. उलट आधी दिलेले सगळे पैसे तेच तुझ्याकडून वसूल करू शकतं. काम उत्तम झालं असलं तरी!

आता सांगली. महाराष्ट्राचं प्रमाणपत्र दाखवलं म्हणून इथला सी-१०, म्हणजे वीजकामाच्या कंत्राटदाराचा परवाना, मिळत नाही. बोर्डाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाला, चार वर्षांचा अनुभव लागतो, तोही गेल्या दहा वर्षांतला आणि पूर्ण कारागीर म्हणून केलेला. शिकाऊ असतानाचा काळ त्यात तसाच्या तसा धरत नाहीत. म्हणजे इथल्या आठ वर्षांतली निर्विवाद तीनच, परीक्षा पास झाल्यानंतरची, आणि मामांकडच्या पाचांपैकी दहा वर्षांच्या आत बसतात ती शेवटची दोन. मामांकडे त्या काळातल्या पगाराच्या नोंदी असतील तर काढून ठेव, पण त्यांच्या भरवशावर अर्ज करू नकोस. अनुभवाच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला तुझं काम प्रत्यक्ष माहीत असावं लागतं आणि बोर्ड मागाहून कागद मागू शकतं. मी तुझ्या जागी असते तर आणखी एक वर्ष नोकरी केली असती. सध्याच्या मालकाशी संबंध चांगले ठेव, त्याची सही तुझ्या हत्यारांच्या पेटीपेक्षा महाग आहे.

खर्चाचं बोलू. अर्जाचे ४५० डॉलर, एकट्याच्या नावावर परवाना असेल तर पहिल्या परवान्याचे २००, बोटांच्या ठशांचे ४९ आणि ठसे घेणाऱ्याची फी वेगळी. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, पुन्हा ४५०. परीक्षा दोन: एक वीजकामाची, एक कायदा आणि व्यवहाराची. आपली मुलं वीजकामाच्या पेपरचा अभ्यास करतात आणि कायद्याच्या पेपरला गडगडतात. करार, लिएन (थकलेल्या पैशांसाठी घरावर नोंदवायचा हक्क), मजुरांचा विमा हे नीट वाच.

मग २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे तू नियम मोडून नुकसान केलंस तर गिऱ्हाइकाला भरपाईची हमी. २०२३ आधी तो १५,००० चा होता. एवढी रक्कम भरायची नसते, वार्षिक हप्ता भरायचा आणि तो तुझ्या क्रेडिटवर ठरतो. बाँडला विमा समजू नकोस. गिऱ्हाइकाला पैसे मिळाले तर बाँड कंपनी ते तुझ्याकडून वसूल करते. स्वतःसाठी वेगळा लायबिलिटी विमा (तुझ्या कामाने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) हवाच. पुढे मदतनीस ठेवलास तर मजुरांचा विमा लागेल आणि त्या माणसाकडे तुझ्यासारखंच राज्याचं प्रमाणपत्र किंवा शिकाऊ म्हणून नोंदणी असावी लागेल. गंमत म्हणजे सी-१० च्या मालकाला स्वतःला ते प्रमाणपत्र सक्तीचं नाही.

काम आहे का? आहे, पण ते वर्षभर सारखं नसतं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कॅनडा, सिअ‍ॅटल, मिनेसोटाची मंडळी आपापल्या दुसऱ्या घरी येतात. तेव्हा स्वयंपाकघरं नवी होतात, पोहण्याच्या तलावांची कामं निघतात, गाड्यांचे चार्जर बसतात. मे महिन्यात घरांना कुलपं लागली की चकचकीत कामं थांबतात आणि उरतात ती तातडीची: एसीचा ब्रेकर पडतोय, पश्चिमेच्या भिंतीवरचं पॅनल तापलंय. मी जुलैत पहाटे पाचला माळ्यावर चढते आणि दहाच्या आत खाली येते. माणसं ठेवलीस तर नियमही आहेत: बाहेरच्या कामाला ८० अंश फॅरनहाइटला सावली आणि ९५ ला जादा काळजी. म्हणून उन्हाळ्याचे तीन-चार महिने निघतील एवढी शिल्लक बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस.

या उन्हाचा हिशेब तारेतही धरावा लागतो. कोडमधले, म्हणजे वीजकामाच्या नियमावलीतले, तारेचे आकडे ३० अंश सेल्सिअसला धरलेले असतात. आठ नंबरची तांब्याची तार, ९० अंशांच्या इन्सुलेशनची, तक्त्यात ५५ अँपिअरची दिसते. ४६ ते ५० अंशांत ती ४५ वर येते. पाम स्प्रिंग्जने ५ जुलै २०२४ ला १२४ फॅरनहाइट, म्हणजे ५१ सेल्सिअस पाहिलंय. मी चार्जरला सरळ त्याहून जाड, सहा नंबरची तार ओढते आणि दरात तसं लिहिते. स्वस्त दर देणारा आठवर भागवतो, त्याच्याशी भावात भांडू नकोस.

खोऱ्यात नऊ शहरं आहेत, परमिट ज्या-त्या शहराचं. पाम स्प्रिंग्जमध्ये तर बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक जमीन आगवा कॅलिएन्ते या मूळनिवासी जमातीची, तिथे आधी विचारून घे. इंडिओ, ला किंटा, कोचेला या बाजूची वीज मुख्यतः इम्पीरिअल इरिगेशन डिस्ट्रिक्टची, पाम स्प्रिंग्जकडची एडिसन या वीज कंपनीची. पॅनल बदलताना पुरवठा तोडायची पद्धत दोघांची निराळी. सौर पॅनलवर मात्र सगळी मदार ठेवू नकोस. सी-१० वर ते काम करता येतं, पण १५ एप्रिल २०२३ पासून एडिसनच्या नव्या सौर ग्राहकांना कंपनीला परत दिलेल्या जादा विजेचा भाव खूप कमी मिळतो आणि घरमालकांची ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत २०२५ अखेर संपली. दुरुस्ती आणि ब्रेकरची पॅनल बदलणं यांच्यावर घर चालतं.

प्रश्न: आम्ही निवृत्त जोडपं. चार्जर बसवायला एकाने २,८०० डॉलर सांगितले, निम्मे आगाऊ मागतोय. द्यावेत का?
(रँचो मिराज)

उत्तर: नाही, काका. घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या कामात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली कमी असेल तेवढीच घेता येते. तुमच्या बाबतीत २८०. त्याचा परवाना क्रमांक विचारा. तो जाहिरातीवर आणि ट्रकवर असायलाच हवा. बोर्डाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का, सी-१० आहे का, बाँड आहे का, सगळं दिसतं. परमिट कोण काढणार तेही लेखी घ्या. "परमिट कशाला, उगाच खर्च" असं तो म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.