प्रोग्रॅमिंग की डिझाइन? आधी तिच्या फाइली बघा

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी सतरा वर्षांची आहे, आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारं छोटं सर्किट) वापरून कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र करतेय आणि त्याची पेटी थ्रीडी प्रिंटरवर काढतेय. म्हणते 'मला प्रोग्रॅमिंगच करायचंय', पण तिचा निम्म्याहून जास्त वेळ पेटीचं झाकण बसवण्यात जातो. त्यात कोड इंटरनेटवरून उचललेला आणि पेटीचं मॉडेलही आयतंच उतरवलेलं. म्हणून तुम्ही विचारता की याला शिकणं म्हणायचं की टाइमपास, तिला कम्प्युटरला घालायचं की डिझाइनला, आणि महागडा लॅपटॉप घ्यायचा का.

उचललेल्या कोडचं आधी बोलू, कारण तुमच्या पत्रात खरी काळजी तीच दिसते. नोकरीतले प्रोग्रॅमरही रोज पाटी कोरी करून बसत नाहीत. दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं, ते कुठे अडतंय हे शोधणं आणि बाकीचं न मोडता तेवढाच बदल करणं, यात त्यांचा बराच दिवस जातो. तेव्हा 'कुठून आणलंस?' हे सोडा, 'त्यात काय बदललंस?' हे विचारा. 'काहीच नाही, चाललं तसंच ठेवलं' असं उत्तर वर्षभर येत राहिलं, तर तुमची शंका रास्त आहे.

पण तुम्हीच पुढे लिहिलंय की पंप चालू असताना बटण दाबलं तरी तो थांबत नाही आणि ती त्यावर चिडून बसलीय. ही अडचण मला फार आवडली. तिच्या कोडमध्ये बहुधा पंप सुरू केल्यावर 'डिले', म्हणजे ठरावीक वेळ थांबायची आज्ञा, घातलेला असणार. समजा तो दहा सेकंदांचा आहे. तेवढा वेळ प्रोग्रॅम त्याच ओळीवर अडकून राहतो, बटणाकडे बघतच नाही. त्यावर उपाय म्हणजे अडकायचंच नाही. 'मिलिस'ने, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेने, घड्याळ बघत राहायचं आणि दहा सेकंद झाले का, बटण दाबलंय का, हे आळीपाळीने तपासत राहायचं. हे उत्तर तिला लगेच देऊ नका, चिडू दे अजून थोडी. ती स्वतः इथवर आली आणि वर 'मिलिसचा आकडा साधारण ५० दिवसांनी परत शून्यावर येतो, मग पंपाचं काय होईल?' असं विचारायला लागली, तर तिचं डोकं फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या आत बसणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कामात रमणारं आहे.

आता झाकण. तिने उतरवलेली फाइल एसटीएल (थ्रीडी छपाईसाठी वापरतात तो फाइलचा प्रकार) असेल, तर तिची चिडचिड समजू शकते. एसटीएलमध्ये फक्त त्रिकोणांनी मढवलेला पृष्ठभाग असतो. भोक २० मिलिमीटरचं आहे, झाकण भिंतीपासून अमुक अंतरावर आहे, असलं काहीच त्यात उरत नाही. माप मिलिमीटरमधलं की इंचातलं हेही त्यात लिहिलेलं नसतं, म्हणून कधी कधी वस्तू २५.४ पट लहान उघडते. भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही, तसंच हे. म्हणून तिला सांगा, ही पेटी फ्रीकॅड किंवा ओपनस्कॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः पहिल्यापासून काढ. दोन्ही फुकट आहेत. तिथे झाकणाची फट हा एक आकडा असतो. ०.२ मिलिमीटरने अडकलं तर ०.३ करायचं आणि पुन्हा छापायचं. सगळी पेटी नको, नुसती कडेची पट्टी छापून बघायची. प्लॅस्टिकही वाचतं आणि वेळही.

कम्प्युटर की डिझाइन, हे मी पत्रावरून ठरवणार नाही. तुम्ही तिच्याकडे बघा. बटणाच्या भानगडीत ती जेवण विसरते की झाकणाच्या? दोन्हींत विसरत असेल तर फारच छान, कारण वस्तूचा कोड, सर्किट आणि बाहेरची पेटी यांचं एकमेकांशी जमवून देणारी माणसं कामावर लागतातच. कोडमध्ये रमणारीने कम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स बघावं. झाकणात रमणारीने मेकॅनिकल किंवा प्रॉडक्ट डिझाइन बघावं, आणि प्रोग्रॅमिंग येतंय म्हणून तिथे तिचं काही बिघडणार नाही.

एक काम मात्र आजच सांगा. तिच्या फोल्डरमध्ये 'झाकण_फायनल', 'झाकण_फायनल_२', 'झाकण_खरंच_फायनल' अशा फाइली असणार, पैज लावतो. तिने गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकावं. प्रत्येक बदलाला एक ओळ लिहायची, काय बदललं आणि का. कोड आणि मूळ डिझाइन फाइल दोन्ही तिथे, नुसती एसटीएल नको. दुसऱ्याचं वापरलं असेल तर कुणाचं, कोणत्या लायसन्सखाली, हेही लिहायचं. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे आपलं काम इतरांना अटींवर वापरू देणारी लायसन्स, त्यातल्या काहींमध्ये व्यापारी वापराला मनाई असते, ते तिला वस्तू विकायची हौस येण्याआधी कळलेलं बरं. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत चकचकीत फोटोपेक्षा ही नोंद जास्त बोलते. समोरच्याला तिची फाइल उघडून, आकडा बदलून, पुढे काम करता आलं पाहिजे.

लॅपटॉप सध्या नको. आर्डुइनोचा कोड आणि एवढ्याशा पेटीचं डिझाइन साध्या मशिनवर होतं. शेकडो भागांची जुळणी करायला लागली आणि स्क्रीन अडखळायला लागली, की तेव्हा रॅम वाढवता येईल असा घ्या. त्याआधी पैसे खर्चायचेच असतील तर तिला बारीक मापं घ्यायला एक चांगला डिजिटल कॅलिपर आणि सर्किट तपासायला मल्टिमीटर आणून द्या.