अरोरा (ध्रुवांजवळ रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) नॉर्वेत हिरवा दिसतो, मग लडाखमध्ये लालच का दिसला?
कारण लडाखमधून अरोराचा फक्त वरचा भाग दिसतो आणि तो लाल असतो. सौर वादळात वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात, आणि मिळालेली ऊर्जा तो अणू प्रकाश म्हणून सोडतो. १०० ते १५० किमी उंचीवर हा प्रकाश हिरवा असतो. लाल प्रकाश सोडायला मात्र अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात! खालच्या दाट हवेत तेवढ्यात दुसऱ्या कणाची धडक बसून ऊर्जा निघून जाते, म्हणून लाल रंग साधारण २०० किमीच्या वरच दिसतो. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून तोच लाल भाग क्षितिजावर डोकावला. हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड राहिला. फोटोंवर जाऊ नका मात्र: कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो, नुसत्या डोळ्यांना हा लाल रंग फारच फिका दिसतो.